पांढरीची राखण

आधी माफी मागते. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, जोडाक्षरं कशीही बसतात, आणि अक्षराबद्दल माझी लेक म्हणते, "आई, कोंबडी शाईत बुडवून कागदावर सोडली तरी याहून बरं दिसेल." चौथीपर्यंत शिकले, तेही वडील धुळ्याला मुलींच्या शाळेत शिपाई होते म्हणून. मग लग्न झालं आणि शाळा सुटली.

लेक भुसावळला रेल्वेच्या चाळीत राहते. तिथली हौशी मंडळी दिवाळीला अंक काढतात. जावई म्हणाले, "तुमच्या नोकरीबद्दल लिहा, लोकांना नवल वाटेल." मी हो म्हटलं. लिहितेय खरी, पण देणार नाही. लोकांना नवल वाटावं म्हणून मी ती नोकरी केली नव्हती. हे कागद माझ्या ट्रंकेत राहतील.

मी बावीस वर्षं एका टेकाडाची राखण केली. सरकारी पगारावर.

आमचं गाव गिरणेच्या काठी, भडगावच्या बाजारापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. चहूकडे कापसाची काळी जमीन आणि नदीच्या वळणावर मधेच हे पांढरं टेकाड. दोन पुरुष उंच, पाच-सहा बिघे पसरलेलं. उन्हाळ्यात दुपारी त्याच्याकडे डोळे उघडून बघवत नाही. जुन्या मोडलेल्या वस्तीच्या जागेला आमच्याकडे पांढरी म्हणतात. माणसं राहिली की राख, शेण, चुना, भिंतींची माती साचत जाते आणि जमीन पांढरी होते. ही पांढरी कोणाची होती ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेब लोक म्हणत, माणसाला लोखंड माहीत नव्हतं तेव्हाची. आत पुरलेली माणसं होती. मोठी थोडी, लहान मुलं जास्त. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांच्या पोटात मूल.

सरकारनं कायदा केला, टेकाडाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड पुरले आणि वाटेवर एक निळी पाटी ठोकली. इथे खणेल त्याला शिक्षा होईल, असं पाटीवर लिहिलं होतं. गावात ती वाचू शकणारी माणसं तीन. त्यातली एक मी.

लोक विचारतात, टेकाडाची राखण कसली, टेकाड का पळून जातं? जातं. टोपलीटोपलीनं जातं. ही माती शेतात टाकली की कापूस कमरेला लागतो. शिवाय आमच्याकडची घरं धाब्याची, म्हणजे छत सपाट, लाकडांवर मातीचा जाड थर. त्यावर ही पांढरी चोपून बसवली की खाली थेंब गळत नाही. उन्हाळा लागला की गावातली प्रत्येक गाडी टेकाडाकडे तोंड करून उभी राही. गाड्या नसल्या तर शेळ्या. त्यांच्या खुरांनी कडा ढासळतात. शेळ्या नसल्या तर बोरीच्या काट्या तोडायला येणाऱ्या बाया, आणि त्या माझ्याच शेजारणी.

सोनं शोधणारेही येत. साक्रीकडचा एक माणूस हातावर नारळ आडवा ठेवून तीन दिवस टेकाडावर फिरला. नारळ जिथे उभा राहील तिथे मोहरांचा हंडा. चौथ्या दिवशी नारळ बरोबर माझ्यासमोर उभा राहिला. मी म्हटलं, "इथे मी बसलेय. खणू देणार नाही." त्यानं माझ्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, मग दगडावर नारळ फोडला, अर्धी वाटी मला दिली आणि निघून गेला. बावीस वर्षांत भेटलेला सर्वांत समजूतदार माणूस.

नोकरी आधी ह्यांची होती. मानमोडीच्या तापाच्या साथीत हे गेले. पोराबाळांच्या मढ्यांची जागा म्हणून गावातला दुसरा कोणी पुरुष राखणीला तयार होईना. कचेरीतला कारकून बघायला आला. कचेरी कुठली ते मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत. तो म्हणाला, "बाईमाणसाला कसं नेमायचं? तुला निदान पाटी तरी वाचता येते का?" परक्या माणसापुढे मला बोलणं सुचत नाही, आजही नाही. मी त्याच्याकडे पाठ केली आणि पाटीकडे तोंड करून सगळी पाटी मोठ्यानं वाचली. खाली कोपऱ्यात ती रंगवणाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलं. मला सात रुपये महिन्यावर नेमलं.

बोलता येत नाही तर राखण करायची कशी? मी बसत असे. गाडी आली की तिच्यासमोर वाटेत जाऊन बसायचं. शिवी नाही, ओरडणं नाही. हीच माझी रीत.

ती रीत पहिल्यांदा नानांवर चालवली. नाना म्हणजे गावातले मोठे शेतकरी. सहा बैलजोड्या, आणि बोलण्याची अशी हातोटी की माणूस हसता हसता आपलं शेत लिहून देईल. मी शिकलेली म्हणून ते मला मास्तरीन म्हणत.

"काय वं मास्तरीन, रस्तामा कसाले बठनी?"

मी गप्प.

"माटी सरकारनी कशी व्हई? सरकार का लंडनतून माटी लई उनं?"

गाडीवान खो खो हसला.

"ऊठ बाई, बैल भडकतीन."

"भडकू द्या," मी म्हटलं. तेवढंच.

नाना उन्हात उभे, मी उन्हात बसलेली. बैलांनी आधी कंटाळा केला. शेवटी नाना गाडीवानाला म्हणाले, "चाल, फिराव गाडी. हाई बाई मरी जाई पन उठाव नही." जाताना हसत होते. पण मला कळलं की ते विसरणार नाहीत.

आता माझी एक चूक लिहिते.

पुण्याहून साहेब येत असत. साहेब म्हणजे गोरे नव्हेत, आपलेच, चष्मा लावणारे, उन्हानं नाक सोललेले. एका हिवाळ्यात त्यांनी टेकाडाच्या नदीकडच्या अंगाला खोलीएवढा चर खणला आणि आतली एक भिंत सुरीनं सरळ कापून ठेवली. पुढच्या खेपेला त्या भिंतीचं चित्र काढायला येणार म्हणून पत्र आलं. मी जाऊन भिंत बघितली. उघडी माती, राख गळतेय, कुठे खापर डोकावतंय. सरकारचा माणूस येणार आणि भिंत अशी? मी शेजारच्या दोघींना बोलावलं. शेण कालवलं, भिंत वरपासून खालपर्यंत सारवली आणि वाळल्यावर कडेनं पांढऱ्या मातीची बोटं ओढली. लग्नघरासारखी दिसायला लागली.

साहेब आले आणि चराच्या तोंडाशी थांबले.

"बाई, हे काय केलंत?"

"सारवलं," मी पदराआडून म्हटलं.

"अहो, मी ह्या भिंतीतल्या मातीच्या रेघा बघायला पुण्याहून आलो!"

"आहेत की आत. कुठे गेल्या नाहीत."

साहेब खाली बसले, चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग दोन दिवस आम्ही दोघं ती भिंत सुरीनं खरवडत होतो. खालून रेघा निघाल्या. राखेचा पट्टा, मग एक कठीण पट्टा, पुन्हा राख, पुन्हा कठीण. साहेब म्हणाले, "हा कठीण पट्टा म्हणजे पुराचा गाळ असावा." मी जवळ जाऊन नखानं टोकरलं. पापुद्रा सुटला. त्याखाली दुसरा.

"गाळ नाही," मी म्हटलं. "ही सारवलेली जमीन आहे. वरचेवर सारवलेली. बघा, पापुद्रे सुटतात."

मी मोजायला लागले. एका घराच्या जमिनीत बत्तीस पापुद्रे मोजले. साहेबांनी ते वहीत लिहिलं. मग मला माझं पूर्ण नाव विचारलं आणि तेही लिहिलं. पगाराच्या कागदाखेरीज माझं नाव त्या एका ठिकाणी लिहिलेलं आहे. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

भिंतीच्या तळाशी जोडमडकं निघालं. तांबडं, वर काळ्या रंगात हरणांची रांग. अर्धं बाहेर, अर्धं भिंतीत. दोन तोंडांमधल्या फटीतून काडीएवढ्या बरगड्या दिसत होत्या. साहेब म्हणाले, "हे काढायला माणसं आणि सामान लागेल. पुढे कधीतरी येईन. तोवर हे तुमच्या ताब्यात." आम्ही वर माती लोटून ते झाकलं.

नानांची धाकटी सून जना. तिचं पहिलं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं. दात न आलेलं मूल आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. आणि गावातली अशी मुलं कधीपासून कोण जाणे, टेकाडाच्या उतारावरच पुरत आले होते. पाटी लागल्यावर ते बंद झालं. जनाचा नवरा मूल फडक्यात घेऊन आला. मागे नाना. मी दगडापाशी जाऊन बसले.

त्या दिवशी नाना विनोद बोलले नाहीत. "पोर शे वं बाई," म्हणाले. "हातभर जागा."

मी उठले नाही. ते परत फिरले आणि नाल्याच्या काठी बाभळीखाली मूल पुरलं. त्या पावसाळ्यात नाल्यानं तो काठ नेला.

पुढे मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, वरच्या हातभर मातीनं काही बिघडलं नसतं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पण उठायला हवं होतं हे मला त्या दिवशीही कळत होतं. कायदा माझ्या बाजूला होता म्हणून मी बसून राहिले. त्या एका दिवसाचं बसणं मला परत घेता येत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी वैशाखात भुसावळहून तार आली. लेकीचं बाळंतपण अडलं होतं. मी कचेरीत रजेचा अर्ज दिला, बदली माणूस पाठवा असं त्यात लिहिलं आणि गेले. लेक वाचली, नातू वाचला. अकराव्या दिवशी परत आले. बदली माणूस आलाच नव्हता. टेकाडाच्या नदीकडच्या अंगाला गाड्यांच्या चाकोऱ्या एकात एक गुंतल्या होत्या. साहेबांची भिंत गायब. जोडमडक्याचा एकच अर्धा तुकडा मातीत रुतून राहिला होता आणि त्यात काही नव्हतं. इकडे गावात नानांच्या नव्या घराचं धाबं चोपून तयार झालं होतं, पांढरंशुभ्र. सगळ्यांना दिसत होतं. विचारलं तर कोणालाच दिसत नव्हतं.

मी त्याच दिवशी कचेरीला कळवलं. तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. कारकुनानं कागद वाचून दाखवला. राखणदारणीनं माती विकल्याचं गावातल्या प्रतिष्ठित लोकांकडून समजतं, नुकसान भरून येईपर्यंत तिच्या पगारातून दरमहा दोन रुपये कापावेत.

"मी रजेचा अर्ज दिला होता," मी म्हटलं. कसंबसं म्हटलं.

"कुठाय अर्ज?" त्यानं टेबलाचा खण उघडून दाखवला. "दिसतोय का? हे बघ बाई, कबुलीवर सही कर. सहा महिन्यांत कपात मिटवून टाकतो. नाहीतर नोकरी जाईल."

मला उमगलं. अर्ज सापडला असता तर बदली माणूस का पाठवला नाही, हे त्याला विचारलं गेलं असतं. मी सही केली असती तर मी चोर ठरले असते, आणि चोर बाईच्या जागी नानांचा गाडीवान राखणदार झाला असता. मग टेकाड दोन उन्हाळ्यांत सपाट. त्या खोलीत मी एकटी बाई आणि चार पुरुष बघत उभे. बोलायला तोंड उघडेना. बसून चालण्यासारखं नव्हतं. मी पगाराचा कागद पुढे ओढला, टाक बुडवला आणि सहीच्या जागी लिहिलं : दोन रुपये कपात मान्य नाही. माती मी विकली नाही. त्याखाली सही केली.

"अगं, इथे फक्त सही करायची असते!"

"केली," मी म्हटलं.

कबुलीवाचून त्याला मला काढता येईना, आणि दर महिन्याला मी तेच लिहिलं. कारकुनानं तऱ्हेतऱ्हेचे उपाय केले. मला शेवटपर्यंत तिष्ठत ठेवलं. एकदा टाक लपवला आणि म्हणाला, "शाई संपली, अंगठा दे." मी पदराला बांधलेली पेन्सील काढली. एकदा कागदच फाडला आणि नवा पुढे केला. नव्यावर मी तेच लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. चौथीच्या वर्गात सुवाच्य लेखनात मला कधी पैकीच्या पैकी मिळाले नाहीत, पण त्या दोन ओळी पुढे पुढे फार चांगल्या येऊ लागल्या.

गावात नानांनी पसरवलं की मास्तरणीनं गाडीला दोन आणे घेतले. विहिरीवर मी गेले की बाया रहाट सोडून बाजूला होत. नाना वाटेत भेटले की म्हणत, "काय मास्तरीन, धंदा कसा शे?" मी पाच रुपयांत भागवलं. गोधड्या शिवून दिल्या, कापूस वेचला. टेकाडापुढे बसणं मात्र एक दिवस चुकवलं नाही. उलट आता मोठ्या गमतीनं लोक गाड्या घेऊन येत, मी बसते का ते बघायला.

असं एक वर्ष जात आलं. फाल्गुनात, ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे उन्हात वाळवायचे पापड, घालायच्या दिवसांत, एका दुपारी जना माझ्या दारात आली. नानांच्या घरचं कोणी माझ्याकडे येत नसे. तिनं पदराची गाठ सोडली. आत एक तांबडं खापर, मडक्याच्या खांद्याचा मोठा तुकडा, आणि चिमूटभर हाडं.

"अक्का, हाई दखा. बिबड्या वाळत टाकाले धाबावर गयी व्हती. एक कोपरा खचना, तठे निंघनं." मग हळूच म्हणाली, "हाई दात शेतस का?"

"हा. धाकल्या पोरना."

ती दातांकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुमी मना पोरले तठे हातभर जागा नही दिधी. मंग या दुसरास्ना पोरेस्ले मी पायखाल कशी ठेवू?"

मी खापर आणि हाडं फडक्यात बांधून घेतली.

"मनं नाव कोनले सांगू नका," जाताना ती म्हणाली. "मना सासराले कळनं त मनं काही खरं नही." मी तिला शब्द दिला.

मी साहेबांना पत्र लिहिलं. एकाला उत्तर आलं नाही म्हणून दुसरं, दुसऱ्यालाही आलं नाही म्हणून तिसरं. ते दुसऱ्या प्रांतात कामाला गेले होते. आले ते मार्गशीर्षात, कारकुनाला बरोबर घेऊन. नानांनी त्यांच्या जेवणाची व्यवस्था आपल्या घरी केली होती. टेकाडावर नानाही आले.

"साहेब, गरीब बाई शे," नाना म्हणाले. "चार पैसा कमाडी लिधा व्हतीन. जाऊ द्या. आमनी काही तक्रार नही."

मी चरात उतरले. रुतलेल्या अर्ध्या मडक्यावरची माती हातानं झाडली आणि फडक्यातला तुकडा काढून त्याला लावला. बरोबर बसला. एका हरणाचं तोंड आणि पुढचे पाय मातीतल्या तुकड्यावर होते, मागचे पाय माझ्या तुकड्यावर. हरीण पूर्ण झालं.

साहेब गुडघ्यांवर बसले. "हा तुकडा कुठे सापडला?"

"ते सांगत नाही."

"बघा!" कारकून ओरडला. "हिच्याच घरात होता. आणखी काय पुरावा हवा?"

साहेबांचा चेहरा उतरला. "बाई, सांगा. नाही सांगितलंत तर मला ह्यांचं म्हणणं खरं मानावं लागेल."

"माना," मी म्हटलं.

दीड वर्ष ज्यासाठी झगडले ते माझ्या हातानंच चाललं होतं, हे मला दिसत होतं. पण एकदा त्या पोरीच्या मुलाला जागा नाकारली होती. दुसऱ्यांदा तिचा घात करणं मला शक्य नव्हतं.

सगळे उठले आणि जेवायला गावात नानांच्या घराकडे निघाले. मी दहा पावलं मागून. नानांच्या अंगणात पोचलो तर धाब्यावर जना उभी, हातात केरसुणी. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागे गेलेला. तिनं तो ओढलाही नाही.

"साहेब, वर या. समदं अठे शे."

"जना!" नाना म्हणाले. "घरमा जाय."

"घरवरच शे मी, नाना," ती म्हणाली. "अक्कानी काही इकेल नही. खापर मी दिधं तिले."

साहेब बुटांसकट शिडी चढले. तिनं खचलेला कोपरा मोकळा करून ठेवला होता. हरणांच्या रांगेतली आणखी चार हरणं तिथे होती, राख होती, सारवलेल्या जमिनीचे पापुद्रे होते. साहेबांनी एक पापुद्रा उचलून खाली माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कारकून तेवढ्यात उष्णतेची तक्रार करून झाडाखाली जाऊन बसला होता. मार्गशीर्षात.

मग गंमत झाली. साहेबांनी हुकूम काढून ते धाबं उतरवलं. आठ दिवस नानांच्या अंगणात चाळण्या लावून सगळी माती चाळली, आणि थंडीत नाना उघड्या घरात गोधडी पांघरून बसले. चाळायला गावातल्या त्याच बाया मजुरीवर आल्या, ज्या विहिरीवरून बाजूला होत. माझ्याकडे बघत नव्हत्या. मीही त्यांना सोपं जाईल असं काही केलं नाही. जनाला आता माहेरी धाडतील असं सगळे म्हणत होते. नानांनी धाडलं नाही. एकदा चाळणीजवळ येऊन मला म्हणाले, "मनी सून खोटं बोलनी नही. ते मले खोटं करता येत नही, इतलं खरं." नानांना दंड झाला, तो त्यांनी भरला. पुढे ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि त्यांच्या गाड्या टेकाडाकडे आल्या नाहीत.

मडकं साहेबांनी पेटीत गवत घालून पुण्याला नेलं. बाकीच्या सुट्या हाडांचं काय करायचं ते त्यांना कळेना. ती कुठल्या थरातली ते आता सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या उपयोगाची नव्हती. ती मी मागून घेतली. जनानं आणि मी टेकाडाच्या उतारावर, दगडांच्या आत, हातभर जागा खणून ती ठेवली. वर जनानं तिच्या मुलाचं एक अंगडं ठेवलं. हे कायद्यात बसत नव्हतं. राखणदार मी होते, आणि मी काही पाहिलं नाही.

साहेबांनी पुण्याहून कचेरीला काय लिहिलं ते मला कळलं नाही, पण माझा रजेचा अर्ज एकदम सापडला. कपात थांबली. एकोणीस महिने झाले होते, अडतीस रुपये. कारकुनानं मला बोलावून दहा रुपये पुढे ठेवले. "सरकार तुझ्यावर खूश आहे. बक्षीस. इथे सही कर."

"बक्षीस नको," मी म्हटलं. "कापलेला पगार द्या."

"अगं बाई, पैसे ते पैसे!"

मी कागदावर लिहिलं, बक्षीस मान्य नाही, आणि तशीच घरी आले. एवढं चालून रिकाम्या हातानं. दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. छत्तीस रुपये होते, दोन रुपये टपालखर्चाचे म्हणून वजा. मी परत आले. लेक म्हणाली, "आई, दोन रुपयांसाठी किती ताणतेस?" मी तिला म्हटलं, "दोन रुपये तर दर महिन्याला कापले होते. तेव्हा कोणाला थोडे वाटले नाहीत."

ज्येष्ठात तिसऱ्यांदा गेले. ह्या वेळी कारकून दुसरा होता, तरुण, कागद नीट लावून बसलेला. मी कागद हातात घेऊन आधी पूर्ण वाचला. पगारातून चुकीने कापलेली रक्कम परत, रुपये अडतीस. खाली कचेरीच्या मोठ्या साहेबांची सही आणि शिक्का. त्यानं रुपये टेबलावर मांडले आणि म्हणाला, "मोजू नका आजी, बरोबर आहेत." मी पदर बाजूला केला, टेबलापुढची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसून एकेक रुपया मोजला. पूर्ण अडतीस होते. मग सही केली.